देवळातलं शूटिंग

मार्कने पुन्हा हात वर केला आणि काळूराम बुवांची ओळ अर्ध्यातच तुटली. कुणीतरी धावत आलं, बुवांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि त्याच जागी बाटलीतून खोट्या घामाचे थेंब मारले. केतन बाजूला बसून ते बघत होता.

आपल्या आजोबांचा हा छळ आपणच मांडलाय, हे त्याला कळत होतं. लीड्समध्ये एका लाँड्रीच्या तळघरात त्याने आणखी तीन पोरांबरोबर बँड काढला होता. नाव ‘द वेट मॅचेस’, म्हणजे ओल्या आगकाड्या. दोन वर्षं त्या काड्या नावाला जागल्या, कुठे पेटल्या नाहीत. मग एका संध्याकाळी नागावहून चुलतभावाने, विपुलने, पाठवलेलं कीर्तनाचं रेकॉर्डिंग केतनने सहज लावलं. आजोबांनी स्वतः रचलेली ओळ होती, ‘दारी उभा मी, ऐकशील का रे’. गिटारवाल्या ऑलीने तिच्याखाली तीन सूर ठेवले आणि ते गाणं इंग्लंडभर पसरलं. पबमधलं वाजवणं सुटलं, मोठमोठ्या महोत्सवांचे मंच आले. आता एक कंपनी करार करायला तयार होती. तिची अट एकच, गाण्याचा व्हिडिओ हवा, आणि तो त्या म्हाताऱ्याच्या देवळातच हवा.

म्हणून सगळी वरात नागावात आली. मार्क हा कंपनीचा दिग्दर्शक. मारुतीच्या देवळात शिरल्या शिरल्या त्याने ट्यूबलाइट काढायला लावल्या, पंखे बंद केले, खिडक्यांना काळं कापड ठोकलं. बुवांचा चष्मा काढून घेतला. त्यात ते फार शहाणे दिसतात म्हणे. धुतलेलं पांढरंशुभ्र उपरणं चहाच्या पाण्यात बुडवून मळवलं. श्रोते म्हणून विपुलने वाडीतली माणसं रोजावर आणून बसवली होती. त्यांचे मोबाइल एका टोपलीत गोळा झाले. उठायचं नाही, जांभई द्यायची नाही, बुवांवरून नजर हलवायची नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांत तर औषध घालून पाणी आणलं होतं. मैनाआत्या ती धार पदराने पुसत विपुलला म्हणाली, “मेल्या, नवरा गेला तवा बी येवढी रडले नव्हते.” माणसं हसली. केतनला हसू आलं नाही.

त्याला सगळ्याचीच शिसारी आली होती. कीर्तनात बुवा उभे राहतात ती जागा नारदाची. तिथे उभ्या असलेल्या मुलाच्या पायांना त्याचा बापसुद्धा हात लावतो, असली ती जागा. सुट्टीत गावी आला की लहानपणी केतनही तिला वळसा घालून जायचा. तिथे मार्क बूट घालून उभा राहिला. कॉफीचा कागदी कप त्याने हार्मोनियमवर ठेवला आणि बुवांची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली, बाजारात कोंबडा बघतात तशी.

“परत,” तो म्हणाला. विपुलने ते मराठीत सांगितलं. बुवांनी उपरणं सारखं केलं, चिपळ्या उचलल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं.

लेन्स बदलली, परत. माडावर कावळा ओरडला, परत. कुणाची तरी सावली पडली, परत. दर वेळी बुवांचा आवाज थोडा वर चढत होता. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांत कुणी औषध घातलं नव्हतं. केतनला वाटलं, म्हातारा आता कोसळणार.

तो उठला. ऑलीने त्याची बाही धरली. आता थांबवलंस तर करार गेला, असं तो हळूच म्हणाला, आणि आपण चौघं पुन्हा त्या तळघरात, ओल्या कपड्यांच्या वासात. ते खरंच होतं. केतनने बाही सोडवून घेतली. ज्या माणसाने जन्मभर देवाच्या नावावर पैसा घेतला नाही, त्याला विकून आपल्याला मोठं व्हायचं नाही. त्याने मार्कला कॅमेरा बंद करायला सांगितलं. मार्क काहीतरी चिडून बोलला. केतनने हार्मोनियमवरचा कप उचलून दाराबाहेर भिरकावला. मग तो आजोबांसमोर जाऊन उभा राहिला, नारदाच्या जागेच्या जरा अलीकडेच.

“आजा, बस झालं. चल घरी. मला शरम वाटते.”

बुवांनी घाम पुसला, खरा आणि खोटा दोन्ही. चष्म्याशिवाय जेवढं दिसत होतं तेवढं नातवाकडे निरखून बघितलं.

“दमलाय कोन? तू?”

तुझा तमाशा मांडलाय या लोकांनी, केतन म्हणाला. तीच ओळ, तीच ओळ, किती वेळा म्हणायची माणसाने?

बुवा पुढे वाकले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलले.

“देव ऐकतो रं पोरा, त्याला दुसरं काम काय हाय. पन सप्त्यात मी उभा ऱ्हायलो की मानसं मला घड्याळ दाखवतात. जेवनं थंड होतात, बुवा. डीजेवाला खोळंबलाय, बुवा. आवरा, बुवा. इतक्या वर्सांत ‘परत म्हना’ असं मला कुनी बोललं न्हाय. आज त्यो गोरा बोलतोय, तं तू मला आवराया आलास?”