मिशीवाला हवालदार

“कात्री नको!” एल्स्पेथ आणि नेटा एकदमच ओरडल्या. दोघी बहिणी ऐंशीच्या पुढच्या, एका घरात राहणाऱ्या, आणि एका गोष्टीवर एकमत झालं तर आजारी पडतील अशा. ग्रेगर डुथीने कात्री बाजूला ठेवली आणि दाभणाने पुडक्याची गाठ सोडवू लागला.

जुन्या चित्रकथांची पारख करणारं डंडी गावातलं ते एकुलतं एक दुकान. पुडक्यात काय आहे हे ग्रेगरला फोनवर कळलं होतं, तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. ‘टॅटीबोगल’ या चित्रकथेचा नाताळचा पहिला वार्षिक अंक! खोडकर बुजगावणं आणि त्याच्यामागे धावून दमणारा हवालदार. पोरांनी वाचून वाचून त्या पुस्तकांचा पार चोथा केला होता. धड प्रत त्याने जन्मात पाहिली नव्हती.

“गाठ भलतीच चिवट आहे हो.”

“आईची आहे,” नेटा म्हणाली. “मागावरची गाठ. ताग गिरणीत जन्म गेला तिचा. आम्हा दोघींना काही ती जमली नाही.”

“तुला जमली नाही. मला कुणी शिकवलीच नाही,” एल्स्पेथ म्हणाली.

सुतळी सुटली, खाकी कागद बाजूला झाला आणि दुकानात डांबरगोळ्यांचा वास पसरला. ग्रेगर हात धुऊन आला. कव्हरावरचं बुजगावणं कालच छापल्यासारखं लाल होतं.

“हे कुणी वाचलंच नाही?”

“वाचू दिलं तर ना!” एल्स्पेथ म्हणाली. “पहिल्या पानावर चौकट असते बघ, ‘हे पुस्तक कुणाचं? नाव, वय.’ त्यात कुणाचं नाव घालायचं यावरून नाताळच्या सकाळीच आमची जुंपली. आई म्हणाली, भांडण थांबेल त्या दिवशी मिळेल. घातलं कपाटात, किल्ली गळ्यात.”

“मग?”

“मग काय? थांबलंय कुठे अजून!”

आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पुडकं तसंच राहिलं, कारण जी उघडेल तिच्यावर दुसरी चोरीचा आळ घेणार हे ठरलेलं. खरं म्हणजे पुस्तक दोघींनाही हवं होतं. पण हिला मिळण्यापेक्षा ते तिऱ्हाइताकडे गेलेलं बरं, असं दोघींनी आपापल्या मनाशी ठरवलं होतं.

ग्रेगरने कोपरे पाहिले, कणा पाहिला, पिनांवर गंज शोधला. नव्हता. पहिलं पान उघडलं आणि तो जवळजवळ ओरडलाच. “चौकट कोरी आहे! बाईसाहेब, याला सगळ्यात वरची श्रेणी. दोघी बोटीने जग फिरून याल, आणि वेगवेगळ्या खोल्या घेऊन!”

तो हाडाच्या पट्टीने एकेक पान अलगद उलटत गेला. मध्यावर त्याचा हात थबकला.

हवालदाराला पेन्सिलीची मिशी होती. पुढच्या पानावरही, त्याच्या पुढच्याही, दर पानाला आणखी झुपकेदार. मग चक्रव्यूहाचं कोडं आलं: बुजगावण्याला गरम ब्राइडीच्या, म्हणजे खिमा भरलेल्या करंजीच्या, दुकानापर्यंत पोचवा. पेन्सिलीची रेघ अडकली होती, खोडली होती, पुन्हा अडकली होती, आणि शेवटी सरळ भिंत ओलांडून दुकानात शिरली होती.

ग्रेगरचा चेहरा उतरला. “श्रेणी घसरली. किंमत निम्मीसुद्धा नाही येणार.”

“नेटा!”

“मी? वाट नाही सापडली की भिंतीवरून उडी मारायची खोड कुणाची गं?”

“माझी? आणि गाठ काय मी सोडली? सोडली असती तर परत कुणी बांधली असती?”

एल्स्पेथ बोलता बोलता थांबली. दोघींनी टेबलावरच्या सुतळीकडे पाहिलं.

“आई,” नेटा म्हणाली.

पत्त्यांत कुणी नुसतं डोकावलं तरी डाव उधळून लावणारी आई. फोटो काढतानाही ओठ घट्ट मिटून बसणारी, रविवारी, प्रार्थनेच्या दिवशी, हसलं तर डोळे वटारणारी. ती पोरी झोपल्यावर कपाट उघडून हवालदाराला मिश्या काढत बसत होती! एल्स्पेथला आधी नुसतं फिसकन हसू आलं. मग नेटाला. मग दोघी एकमेकींचे दंड धरून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ग्रेगरने घाईघाईने पुस्तक मागे ओढलं.

“पेन्सिलच आहे,” त्याने धीर दिला. “माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे. असं खोडून देईल की कळायचं नाही.”

“हात तर लावून बघ, मेल्या!” दोघी एकदम म्हणाल्या. एका दिवसात हे दुसऱ्यांदा झालं.

“मग विकायचं कसं?”

“विकतंय कोण?” नेटाने डोळे पुसले. “जिचं आहे तिला विचारायला नको?”

एल्स्पेथने पुस्तक आपल्याकडे ओढून पहिलं पान उघडलं. “पेन दे.”

“दुकानात पेन नसतं आमच्या,” ग्रेगर काकुळतीला आला. “शाई म्हणजे पुस्तकाचा घात हो!”

एल्स्पेथने पर्समधून आपलं शब्दकोड्यांचं पेन काढलं. ग्रेगरने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने कोऱ्या चौकटीत ठसठशीत अक्षरांत आईचं नाव लिहिलं: एफी रॅट्रे.

“वय?” तिने विचारलं.

नेटाने जरा विचार केला. “नऊ लिही. तेव्हा ती अजून गिरणीत लागली नव्हती.”

एल्स्पेथने वाद न घालता नऊ लिहिलं.