गाडी आत असू दे

कर्टिसने मोठ्या भेगेत डांबराची शेवटची धार सोडली आणि पत्र्याच्या पट्टीने ती दाबून सपाट केली. भेग गॅरेजच्या दारापासून निघून वाकडीतिकडी थेट टपालपेटीच्या खांबापर्यंत आली होती. खांबही एका बाजूला कलला होता. कर्टिसने तो हलवून पाहिला आणि मग हळूच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नजर टाकली. खिडकीत त्याची आई, व्हर्ना, कॉफीचा मग धरून उभी होती. तिची नजर आधीपासूनच त्याच्यावर होती.

पोराने गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे दुरुस्त करायला आपणहून यावं, तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. भेगांतून गवत वर आलं तेव्हा हा पठ्ठ्या फिरकला नाही. आणि परवा फोन करून सांगतो काय, तर शनिवारी येतो, भेगा बुजवतो, वरून काळा लेप देतो. तू काही करू नकोस, गाडी आत असू दे.

गाडी आत असू दे! ओहायोतल्या त्या गल्लीत लेप द्यायचा म्हटलं की लोक आधी गाडी काढून रस्त्याच्या कडेला लावतात आणि मगच बादलीचं झाकण उघडतात. ओल्या लेपावरून दोन दिवस चाक फिरवता येत नाही, गाडी आत राहिली की राहिलीच. हे कर्टिसला शेंबडा होता तेव्हापासून ठाऊक होतं.

आणि शनिवार म्हणजे केस सेट करून घ्यायचा दिवस. व्हर्ना गाडी काढते, शेजारच्या बर्निसला बाजूला बसवते आणि दोघी गावात जातात. बर्निसची स्वतःची गाडी गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलाने सर्व्हिसिंगला म्हणून नेली. ती अजून सर्व्हिसिंगलाच आहे. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग आई तुला आता कशाला हवी गाडी, हा सगळा प्रकार व्हर्नाने याच खिडकीतून पाहिला होता.

कर्टिस पाणी मागायला मागच्या दाराशी आला. दोन दिवस पुरेल इतकं दूध-पाव आहे का, गोळ्या आहेत का, सगळी चौकशी केली. लागलं तर सोमवारी मी येऊन नेईन तुला, असंही म्हणाला. मग ग्लास हातात घेऊन त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी आत आहे ना, आई?"

"तूच म्हणालास ना, आत असू दे."

"हो हो. मग झालं."

त्याने ग्लास एका दमात रिकामा केला. काही लपवायचं असलं की हा लहानपणापासून असंच पाणी पितो. व्हर्नाला राग यायला हवा होता, पण तिला वाईटच जास्त वाटलं.

लेप मात्र त्याने मन लावून दिला. गॅरेजच्या दारापाशी बादली ओतून लांब दांड्याच्या रबरी वायपरने तो काळं पाणी ओढत ओढत मागे रस्त्याकडे सरकत गेला. गवताच्या कडेने ब्रश फिरवला. कामात बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटचा हात मारून तो रस्त्यावर उभा राहिला, तेव्हा घरापासून रस्त्यापर्यंत सगळं ओलं आणि चकचकीत झालं होतं.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. व्हर्ना लिपस्टिक लावून, पर्स घेऊन बाहेर आली आणि हिरवळीवरून चालू लागली. सँडविच फ्रिजमध्ये आहे, खाऊन जा, असं तिने त्याला सांगितलं.

"तू कुठे निघालीस?"

"शनिवार आहे."

"चालत?" तो हसला.

ती बर्निसच्या गॅरेजकडे गेली. गेल्या हिवाळ्यापासून रिकाम्या पडलेल्या त्या गॅरेजचं दार कुरकुरत वर गेलं. आत व्हर्नाची निळी गाडी होती आणि बाजूच्या सीटवर बर्निस पट्टा लावून तयार बसली होती.

"काल संध्याकाळी आणून ठेवली," व्हर्ना म्हणाली. "आत असू दे म्हणालास. आतच होती."

कर्टिसच्या तोंडचं हसू गेलं. वायपर तसाच हातात धरून तो धावत आला. "आई, मागच्या महिन्यात तू खांबाला धडकलीस. उद्या तिथे एखादा माणूस असला तर?"

"हे मला तोंडावर सांगायचंस," ती म्हणाली. "बादल्या कशाला आणल्यास?"

ती गाडीत बसली. तिने गाडी सुरू केली.

दोन्ही घरांचे ड्राइव्हवे रस्त्यापाशी एकमेकांना चिकटून होते. बर्निस मान मागे वळवून सांगत होती की भरपूर जागा आहे, घे अजून मागे. तेवढी जागा नव्हती. मागचं चाक ओल्या लेपाचा कोपरा कापत रस्त्यावर उतरलं आणि कर्टिसने गवतावर उडी मारली. गाडी क्षणभर थांबली, मग पुढे निघाली. पुढच्या चौकात तिने इंडिकेटर दिला आणि ती व्यवस्थित वळून दिसेनाशी झाली.

कर्टिस परत आला. कोपऱ्यात उमटलेली चाकाची नक्षी त्याने वायपरने सारखी केली. रस्त्यावर उमटलेली काळी रेघ मात्र पुसण्यासारखी नव्हती. तो कडेला उभा राहून तिच्याकडे पाहत राहिला. ती मधल्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत गेली होती, पट्टा ओलांडून काही अंतर समोरून येणाऱ्यांच्या बाजूने चालली होती, आणि मग पुन्हा आपल्या बाजूला आली होती.