खोडलेलं वाक्य

माझ्या कादंबरीची प्रुफं तपासताना अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय गं, परीक्षेच्या हॉलबाहेर हा बाप तीन तास उन्हात उभा? सावलीत बसला तर मुलगी नापास होणार होती?" त्यांनी ते वाक्य लाल पेनाने खोडलं. "असा बाप नसतो. वाचकांना पटायचं नाही."

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचलेल्या वडिलांशी कोण वाद घालणार? मी "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर मी ते पान काढलं. खोडलेल्या वाक्याखाली, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, टिंबं दिली. म्हणजे वाक्य आहे तसंच ठेवा. आणि मोठ्याने म्हणाले, "अण्णा, असा बाप असतो. माझ्या दहावीच्या गणिताला तुम्ही उभे होतात. मी खिडकीतून पाहिलं होतं."