खंडेनवमीची आरती

जुन्या प्रिंटरच्या मोटरी जोडून घरीच केलेलं ते कटिंग मशीन झेंडूच्या हारात कसं नवरदेवासारखं दिसत होतं! ऋजुताने शेजारच्या कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं. त्यात आईच्या कृत्रिम पायाच्या गुडघ्यातल्या झिजलेल्या चाकाच्या आराखड्याची फाइल तयार होती. कंपनीने ते चाक बनवणं सोडलं होतं, पण त्या आकारावरचा हक्क सोडला नव्हता. नेटला जोडलेलं कुठलंच मशीन असा हक्क राखलेला आकार कापत नसे. म्हणून हा कॉम्प्युटर घरच्यांनी सात वर्षं नेटला शिवू दिला नव्हता.

"बाबा, आजच कापूया ना!"

"खंडेनवमीला हत्यार चालवतात का कुठे? उद्या. आधी आरती लाव."

"मोबाइलचा आवाज केवढासा! कॉम्प्युटरवरच लावते," म्हणत ऋजुताने उत्साहाच्या भरात मोबाइलचं नेट जोडलंसुद्धा.

दुसऱ्याच कडव्याला आवाज थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'नोंदणीकृत आकार. फाइल नष्ट केली. मशीन कायमचे बंद.'

बाबांचे टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

"आरती अर्धी सोडू नये," आई म्हणाली आणि न वाकणाऱ्या पायावर ताठ उभं राहून तिने उरलेली आरती एकटीनेच म्हटली.