ह्वायचं घर

“आणि ही आमची खोली,” फोन हातभर लांब धरून ह्वायचा बाप देशुन सांगत होता. “गादी बघा. बसलं की माणूस बुडतोच!”

ह्वाय दारातच थबकला. दार सताड उघडं होतं. दिवसाढवळ्या दार लावून बसणं त्याच्या बापाला जन्मात जमलं नव्हतं. ह्वायच्या हातात डबा होता, सासूनं शिजवलेल्या कमळकाकडीच्या सूपचा. मेट्रोनं दोन स्टेशनं ओलांडून तो गरमच्या गरम घेऊन आला होता.

फोनमधून गावाकडचा कलकलाट येत होता. थंडीचे दिवस, त्यामुळे सगळे थोरल्या काकांच्या शेगडीभोवती जमलेले.

“ह्वायचं घर एवढ्या उंचावर?” कुणा बाईनं विचारलं.

“तर! आणि पायथ्याशी मेट्रो. खाली उतरलं की गाडी,” बाप म्हणाला.

ह्वायचे कान तापले. हे त्याचं घर नव्हतं. वूहानमधलं हे एक चांगलंसं हॉटेल होतं. नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी आईबाप डोंगरातून आले होते. ह्वायच्या घरात खोल्या दोन, आणि त्यातल्या एकीत बाळाला सांभाळायला आलेली सासू. “चारच दिवस तर आहेत. हॉटेलात त्यांनाच आराम पडेल,” बायको म्हणाली होती आणि ह्वायनं मान डोलावली होती. डोलावायला काय लागतं! मग त्यानंच आईबापांना दिव्यांसाठी दाराजवळच्या खाचेत कार्ड घालून दाखवलं, गरम पाण्याचा नळ दाखवला, गुबगुबीत उशा दाबून दाखवल्या, जणू दुकान मांडून बसलाय. आईनं एवढंच विचारलं होतं, “इथं चूल कुठाय?” गावाहून आणलेलं धुरावलेलं मांस तिनं शेवटी टॉवेलच्या दांडीला टांगलं.

लेकाच्या शहरात जाऊन हॉटेलात झोपणाऱ्या आईबापांना त्यांच्या गावात एकच शब्द होता, बिचारे. तो शब्द एकदा चिकटला की मरेपर्यंत सुटत नसे. तो चिकटू नये म्हणून त्याचा बाप, ज्यानं जन्मात कुणाला खोटा भाव सांगितला नाही, आज सगळ्या गावासमोर धडधडीत थापा मारत होता. ह्वायला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“स्वयंपाकघर दाखव की रे, देशुन!”

“सूनबाई सूप करतेय. वाफेनं फोन खराब होईल.” तेवढ्यात बापाला दारात ह्वाय दिसला. बापाच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, दटावणी होती. “हा बघा, आलाच कामावरून!”

फोन ह्वायच्या तोंडासमोर आला.

“काय रे ह्वाय, म्हातारा-म्हातारीला खायला घालतोस ना?”

ह्वायनं डबा वर केला. “हे काय, आत्ताच चुलीवरून उतरवलंय,” तो म्हणाला. आई खिडकीशी खाली मान घालून संत्रं सोलत राहिली.

फोनच्या पडद्याच्या कोपऱ्यात थोरले काका बसलेले दिसत होते. एवढ्या गोंधळात ते एकटेच अवाक्षर बोलत नव्हते. ह्वायला खरी धास्ती त्यांचीच होती. बाकीच्यांनी तालुक्यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. काका मात्र गेल्या वर्षी झीकांगकडे, म्हणजे आपल्या मुलाकडे, ग्वांगचौला राहून आले होते आणि पुढचा अख्खा हिवाळा त्यांनी गावाला झीकांगच्या घराचं कौतुक ऐकवलं होतं. त्यांनी ओळखलं की खेळ खलास.

“झीकांगच्या घराची सर नाही हं, दादा,” बाप घाईघाईनं म्हणाला. “हे आपलं साधंच.”

काकांनी नुसतं हं केलं.

नेमकी तेव्हाच उघड्या दारावर टकटक झाली. निळ्या गणवेशातली बाई पलंगपोसांची गाडी घेऊन उभी होती. “खोली आवरून देऊ का?”

“कोण गं बाई ती?” फोनमधल्या बायका एकदम ओरडल्या.

ह्वायची पाचावर धारण बसली. बाप क्षणभर अडखळला, मग छाती काढून म्हणाला, “कामवाली!”

शेगडीभोवती हशा आणि आरडाओरडा उसळला. “अबब! देशुनच्या लेकाकडे कामवाली!” “आता आजी काय करणार गं, नुसती फुगणार!” गणवेशातल्या बाईनं बापाकडे पाहिलं, ह्वायकडे पाहिलं, आणि गाडी पुढं ढकलली. ह्वायची मान आणखीच खाली गेली.

“बास! आण तो फोन इकडे,” काका पहिल्यांदाच बोलले. “या गलक्यात मला माझ्या भावाशी बोलता येईना.”

पडदा हलला. शेगडी गेली, माणसं गेली. दाराची कडी वाजली. काका बाहेर अंगणात एकटेच उभे होते. तोंडातून वाफ निघत होती.

“देशुन, ह्वाय आहे ना तिथं? त्यालाही ऐकू दे.”

संपलं, ह्वायच्या मनात आलं. त्यानं ठरवलं, आपणच सांगून टाकायचं, सगळा दोष आपला म्हणायचं. “काका,” त्यानं तोंड उघडलं, “हे घर—”

“गप रे. झाकली मूठ सव्वा लाखाची.” काकांनी घसा खाकरला आणि आवाज आणखी खाली आणला. “देशुन, दिवे लावायला दाराजवळच्या खाचेत कार्ड घालावं लागतं ना? बाहेर जाताना ते आठवणीनं काढून घे. झीकांगच्या घरी मी रोज विसरायचो.”