दहा दिवसांची भाकर

"कुत्रं हल्ली कुठं असतं?" व्यंकटरावांच्या वकिलानं विचारलं.

"माझ्या दारात," साक्षीच्या पिंजऱ्यातून केवळाबाई म्हणाली.

"मोठ्यानं. साहेबांना ऐकू जाऊ द्या."

"माझ्या दारात!"

दाव्याची ही अकरावी पेशी. दोन वर्षांमागं व्यंकटरावांच्या शेतात खुरपणीला गेली असताना तिथल्या राखणीच्या कुत्र्यानं केवळाबाईची डावी पोटरी फोडली. तेव्हापासून तिला उकिडवं बसता येत नाही, आणि उकिडवं बसता न येणाऱ्या बाईला खुरपणीला कुणी बोलावत नाही. पोटरीच्या मांसाचा भाव तालुक्याच्या कोर्टात कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून तिच्या वकिलानं गोल आकडा टाकला होता: चारशे रुपये. त्या दिवशी सोबत खुरपणाऱ्या पाच बाया साक्षीला आल्या नव्हत्या. त्यांना अजून उकिडवं बसता येत होतं.

व्यंकटरावांचं म्हणणं सोपं होतं. कुत्रं त्यांचं नव्हतंच. सकाळी केवळाबाईच्या वकिलानं त्यांना कुत्र्याचं नाव विचारलं, तर ते हात जोडून म्हणाले, "बेवारशी कुत्र्याला कोण नाव ठेवतंय, साहेब?" कोर्टात हशा झाला. नाव केवळाबाईलाही सांगता आलं नव्हतं. बायांपुढं व्यंकटराव त्याला नुसती शीळ घालायचे.

"त्याला भाकर कोण टाकतं?" वकिलानं पुढं विचारलं.

"मीच की."

"जे चावलं त्याला?"

"डॉक्टर म्हन्ले, दहा दिस कुत्र्यावर नजर ठिवा. मेलं न्हाईतर नजरंआड झालं, तर पोटात चौदा सुया. मंग काय करू? भाकर टाकून दारात ठिवलं."

"दहा दिवस कधी संपले?"

"दोन वर्सं झाली."

पुन्हा हशा. कारकूनही हसला.

"मग अजून भाकर का?"

केवळाबाईनं जरा विचार केला. "दिस संपले म्हून त्याला कोन सांगनार?"

आता न्यायाधीशांनी मान वर केली. दुखरा पाय हलका करायला ती कठड्यावर रेलली होती. त्यांनी स्वतःच विचारलं, "बाई, कुत्रं चावायच्या आधीही तुम्ही त्याला खायला घालत होतात का?"

तिच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. नाही म्हणायला तिला कितीसा वेळ लागला असता? पण सुरुवातीला कारकुनानं खरं सांगीन म्हणून वदवून घेतलं होतं, आणि ते तिनं मनावर घेतलं होतं.

"दुपारी जेवाया बसलं की तुकडा टाकायचो. समद्याच बाया."

"लिहून घ्या," न्यायाधीश कारकुनाला म्हणाले.

व्हरांड्यात तिच्या वकिलानं कागदांची सुतळी बांधली. "सगळ्यांच्या तुकड्यावर जगणारं कुत्रं बेवारशीच ठरणार. निकालाच्या पेशीला येऊ नका, केवळाबाई. भाडं तरी वाचेल."

"पन मी खोटं कुटं बोलले?"

"तेच तर," वकील म्हणाला आणि पुढच्या पक्षकाराकडं वळला.

गावच्या फाट्यावरून पालमकडं जाणारी बस एकच होती, त्यामुळं जिंकणारा आणि हरणारी एकाच बसनं निघाले. व्यंकटराव पुढच्या बाकावर, ती मागं, पाय लांब करून. कंडक्टर तिच्यापाशी आला तशी व्यंकटरावांनी पुढून हाक दिली, "बाईचं तिकीट आमच्यात घ्या हो!" चारशे नाकारून सुटलेल्या माणसाला एवढं परवडतं. केवळाबाईनं पदराची गाठ सोडून नाणी आधीच हातात धरली होती. तिनं ती कंडक्टरच्या तळहातावर मोजून ठेवली.

गावच्या फाट्यावर दोघंच उतरली. बाभळीखाली कुत्रं बसलं होतं. दर पेशीला ते तिला इथवर पोचवायचं आणि इथंच बसून राहायचं.

दोन वर्षांत व्यंकटरावांनी त्याला जवळून पाहिलं नव्हतं. नोटीस मिळाल्यापासून ते तिच्या दाराकडची वाटच टाळत होते. आजवरच्या पेशींना नुसता त्यांचा वकीलच उभा राहायचा, आणि या पेशीला ते आदल्या दिवशीच तालुक्याला गेले होते. कुत्रं उठून अंग झाडायला लागलं, आणि ते पटकन बोलून गेले:

"टिप्या! किती वाळलास रे लेका!"

कुत्र्याचे कान उभे राहिले. ते सगळं अंग हलवत त्यांच्याकडं गेलं, धोतराला नाक घासून त्यांच्या हाताखाली डोकं घालून बसलं. त्यांनी त्याच्या कानामागं खाजवलं. ती जागा त्यांच्या बोटांना पाठ होती.

मग त्यांना केवळाबाई दिसली. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. बस वळणापार गेली होती. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"टिप्या व्हय?" ती म्हणाली.

"आपलं... तोंडाला आलं."

"चांगलं हाय."

तिनं पदर खोचला आणि डावा पाय ओढत गाडवाटेला लागली. व्यंकटराव जागीच उभे राहिले. त्यांचा हात अजून कुत्र्याच्या मानेवर होता. दहा-बारा पावलांवर ती थांबली, कंबरेवर हात ठेवून दम घेतला, आणि मागं न बघता, नवी वस्तू हातात घेऊन बघावी तसं, हळूच म्हणाली,

"टिप्या."

कुत्र्यानं व्यंकटरावांच्या हाताखालून मान काढून घेतली.