जरा मोठ्यानं

"आता ही पुन्हा तोंडातल्या तोंडात पुटपुटणार," रत्नप्रभाबाई शेजारच्या शुभाच्या कानाशी कुरकुरल्या. बोरीवलीतल्या त्यांच्या छोट्या हॉलमध्ये अठरा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. मागेच उभ्या असलेल्या सुनेला, जयंतीला, शब्दन् शब्द ऐकू आला.

तिला उलट बरंच वाटलं. पुटपुटणं हाच तिचा आसरा होता.

घरसभा ज्या घरी, शास्त्रपाठ त्या घरच्या सुनेनं वाचायचा, असा या ख्रिस्ती मंडळीचा रिवाज. तीन वर्षं जयंती सपाट, पडेल आवाजात वाचत आली होती. कारण तिचा खरा आवाज दर बुधवारी लोकांच्या मोबाइलवरून भुतांच्या गोष्टी सांगायचा. नाव खोटं, फोटो नाही. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ती कपड्यांच्या कपाटात शिरायची, दार ओढून घ्यायची आणि रेकॉर्ड करायची. दिवसभरात तेवढाच एक तास तिला मोकळं वाटायचं. हे नवऱ्यालाही, केतनलाही, माहीत नव्हतं.

आज सभेपुढे विषय नेमका तोच. ख्रिस्ती कुटुंबांनी असल्या गोष्टी ऐकाव्यात का?

सेक्रेटरी मधुकरराव कागद टाइप करूनच आले होते. "आमच्या घरी कुणी ऐकत नाही, असं सगळ्यांनी सही करून द्यायचं. आणि त्या गोष्टी सांगणारी बाई आपल्यातली निघाली, तर तिचं प्रभुभोजन बंद."

"आपल्यातली कशावरून?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"बोलते आपल्यासारखी. परवा तिचं ते भूत नाताळच्या फराळातलं काहीतरी मागत होतं..." मधुकरराव अडखळले. "असं कुणीतरी सांगत होतं."

"करंज्या मागत होतं," शुभा म्हणाली. "म्हणजे, मलाही कुणीतरीच सांगितलं हं."

जयंतीनं मनात हिशेब मांडला. भर देवळात सुनेला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस नाकारला, तर चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसणाऱ्या सासूबाई तोंड कुठे लपवणार? आणि मग तिला घरात ठेवतील?

पाळकसाहेबांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. उताराही असा निवडलेला, की हरायला आलेला राजा वेश बदलून चेटूक करणाऱ्या बाईकडे जातो आणि मेलेल्या संदेष्ट्याला वर बोलवायला लावतो. शास्त्रातली असली, तरी गोष्ट भुताचीच.

जयंती पुटपुटू लागली.

"ऐकू येत नाही गं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

तिनं आवाज जरासा चढवला.

"अजून मोठ्यानं. मागच्यांना कळू दे."

दाराशी चपलांचा ढीग, मध्ये माणसंच माणसं. उठून जायला वाट नव्हती. घसा बसलाय म्हणावं, तर सकाळीच गॅलरीतून भाजीवाल्याशी घासाघीस केलेली अख्ख्या बिल्डिंगनं ऐकली होती.

"जयंती, मोठ्यानं वाच म्हणते ना!"

तिनं वाचलं. दोन ओळींतच गोष्टीनं तिला ओढून नेलं. राजा काळोखात निघाला, तसा तिचा आवाज खाली उतरला, जड झाला. जमिनीतून झगा पांघरलेला म्हातारा वर येताना बाईला दिसला, तिथे ती थांबली. बुधवारी थांबायची तेवढीच. शुभानं ओढणीचं टोक दातांत धरलं. पाळकसाहेब चष्मा पुसत होते, तो हातातच राहिला.

उतारा संपला. 'आमेन' कुणी म्हणेना. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिनं बघितलं की सतरंजीकडे.

मधुकररावांनी खाकरून कागद पुढे केला. पेन शुभाकडे आलं. तिनं ते पाळकसाहेबांकडे सरकवलं. त्यांनी, "आधी सेक्रेटरी," म्हणत परत मधुकररावांच्या हातात दिलं. त्यांना अचानक पेनचं टोपण उघडेना.

रत्नप्रभाबाईंनी हात लांब करून ते पेन काढून घेतलं. जयंतीनं डोळे मिटले.

"मी काही सही करत नाही," त्या म्हणाल्या आणि पेन सतरंजीच्या मधोमध ठेवून दिलं. "हिचा हा आवाज ज्यानं आज पहिल्यांदा ऐकला, त्यानं आधी करावी."